डावा का उजवा?

"डावा का उजवा?" तिने विचारलं आणि माझी बोलतीच बंद झाली.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. एका कामासाठी वांद्र्याला गेले होते, काम अकरालाच आटोपलं, पाऊस उघडला होता, आणि कित्येक वर्षांत गेले नव्हते म्हणून रिक्षावाल्याला माउंट मेरी सांगितलं. चर्चच्या बाहेर रस्त्याकडेला मेणबत्त्यांचे स्टॉल असतात. आठवड्याचा मधला दिवस, गर्दी अशी नव्हतीच. निळ्या ताडपत्रीला पोट सुटून साठलेलं पाणी एक मुलगा काठीने वर ढकलून रस्त्यावर सांडत होता. टेबलावर मेणाचं सगळं मांडून ठेवलेलं, जे दुखतं किंवा जे हवं ते आत येशूच्या आईला, मारियेला, वाहायला. हात, पाय, डोळ्यांच्या जोड्या, डोकी, एक धड, तान्ही बाळं, घरं, मोटारी, एक विमान. सगळं एकाच फिकट पिवळट रंगाचं. मी म्हटलं, "एक पाय द्या." मंडईत मेथीची जुडी मागावी तशा सुरात. त्यावर तिने हा प्रश्न केला. चष्म्याच्या वरून बघत, अगदी सहज. चपलेच्या दुकानात नंबर विचारतात तसा.

आईचा गुडघा सहा वर्षं दुखतोय. त्याचं मला सगळं माहीत आहे, अशी माझी समजूत होती. एक्स-रे काढायला मीच घेऊन गेले होते. "वंगण संपलंय" असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आई हसली होती आणि मला राग आला होता, तेही आठवतं. कुठलं मलम तिला चालतं, कुठल्याच्या वासाने तिचं डोकं उठतं, नी-कॅप कुठल्या मापाची, पुण्यात भावाच्या इमारतीत लिफ्टपर्यंत पायऱ्या किती (सात), हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण कुठला गुडघा? मी डोळ्यांपुढे आईला आणलं. खुर्चीतून उठताना, जिना उतरताना, देवघरासमोरच्या स्टुलावर टेकताना. प्रत्येक वेळी आई दिसली, तिचा आंबाडा दिसला, हातातली पळी दिसली. ती कुठल्या बाजूला झुकते ते काही केल्या दिसेना. आमच्या फोनवरच्या बोलण्यात गुडघा कायम एकवचनी असतो. "गुडघा कसा आहे?" "आहे." मग भावाच्या मुलांचे विषय.

फोन करून विचारता आलं असतं. पण ती म्हणाली असती, "का गं, आज एकदम?" आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

"दोन्ही द्या," मी म्हटलं.

"दोनी दुखतात, बाय?"

"हो."

देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दारापासून पन्नास पावलांवर उभी राहून मी खोटं बोलले. तिने दोन वेगळ्या ढिगांतून दोन पाय उचलले, अंगठे एकमेकांकडे येतील असे शेजारी शेजारी धरून खात्री केली, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. मी भाव केला नाही. एरवी कोथिंबिरीलाही करते.

आम्ही लहानपणी वांद्रे पूर्वेला सरकारी वसाहतीत राहायचो. सप्टेंबरात आई आम्हाला जत्रेला न्यायची. आठ सप्टेंबरला मारियेचा जन्मदिवस, आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठ दिवस जत्रा. कधी त्या दिवसांत गणपती यायचे, कधी पितृपक्ष. आईला त्याचं काही नसे. रूळ ओलांडून पश्चिमेला यायचं, बससाठी तासभर रांगेत उभं राहायचं, आणि टेकडी लागली की बस अर्ध्यात सोडून चालत सुटायचं, कारण पुढे मुंगीला जायला वाट नसे. आम्हा दोघा भावंडांचं लक्ष चण्या-फुटाण्यांवर, फिरत्या चक्रांवर आणि पाकात घोळवलेल्या कडियो-बोडियोंवर. हे नाव घरी येऊन नुसतं म्हणत राहायलाही मजा यायची. आमच्या पुढेमागे कुठे वर्सोव्याच्या, मढच्या कोळणी असायच्या, डोक्यात अबोलीच्या वेण्या, अंगावर दागिने. कुठे लुगडं नेसलेल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या इथल्याच ख्रिस्ती, म्हाताऱ्या, आमच्याच भाषेत पण वेगळ्याच हेलात एकमेकींवर खेकसत चाललेल्या. त्या सगळ्या म्हणायच्या मोतमावली. माझ्या कानाला ते मोतीमावली ऐकू यायचं, आणि गाभाऱ्यात मोठ्या शिंपल्यात बसलेली एखादी देवी असणार असं मी ठरवून टाकलं होतं. पुढे कळलं की माझा अंदाज अगदीच वेडगळ नव्हता. 'मोत' म्हणजे मोती असं सांगणारेही आहेत. दुसरे म्हणतात, पोर्तुगीजांचा 'मोंत', म्हणजे डोंगर, त्याचा कोळ्यांच्या तोंडी मोत झाला. जुन्या गोव्यात अशीच एक मोंतची टेकडी आहे, तीही मारियेचीच. मला आपला मोती बरा वाटतो. समुद्राला लागून बसलेल्या आईला डोंगराची म्हणायचं कशाला?

आईला या टेकडीवर पहिल्यांदा नेलं ते शेजारच्या आंटींनी. आंटी वसईकडच्या, त्यांचे मिस्टर बाबांच्याच कचेरीत. त्यांची मराठी ऐकली तर डोळे मिटून कुणालाही वाटावं, ही केळीच्या वाडीत वाढलेली आहे. आणि होत्याच त्या. त्यांच्या दारातून आत शिरलं की समोर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, खाली लाल बारीक दिवा, कायम पेटलेला. येशूने छातीवरचं वस्त्र बाजूला सारलंय आणि आतलं काळीज बाहेर दिसतंय. त्याला काट्यांचा वेढा, वर ज्योत. मला त्या चित्राची भीती वाटायची आणि त्याच्याकडे बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. घरी येऊन मी आईला म्हटलं होतं, असं काळीज उघडं टाकून कोण उभं राहतं? आई भाकरी थापत होती. म्हणाली, "का? आपला मारुती नाही का छाती फाडून दाखवत?" त्यावर माझ्याकडे काही नव्हतं.

तेव्हापासून मला हे लागलं असावं. पुढे जिथे जिथे चर्चमध्ये गेले, तिथे तिथे मी आधी अंग बघत गेले. वास्तू, कमानी, रंगीत काचा हे नंतर. सात तलवारी काळजात रुतलेली दुःखी माता. आपलेच दोन डोळे तबकात घेऊन उभी असलेली संत लुसी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते पेढे वाटले होते, जवळ गेल्यावर अंगावर काटा आला. गोव्यातल्या चर्चमधले लाकडी देवदूत, गुबगुबीत, आणि गालांवरून, भुवयांवरून ओळखू यावं की घडवणारा हात इथलाच, पटाशीही इथलीच. कालपर्यंत त्याच हाताने देवळाच्या खांबावर वेलबुट्टी कोरली असणार. अंगाला लाजणारी ही कला नाही. दुखतं ते दाखवते, रक्त असेल तर लाल रंगवते. आपल्याकडे कीर्तनात देहाला नाशिवंत म्हणून निकालात काढायचं आणि मग त्याच देहासाठी देवीला चांदीचे डोळे वाहायचे, असं दोन्ही चालतं. आजीने वाहिले होते, माझे डोळे लहानपणी आले होते आणि महिनाभर उघडेनात तेव्हा. सोनाराकडून पत्र्याचे करून आणलेले, बदामाएवढे. डोळ्यांची एक सोय असते, ते जोडीने येतात. डावा का उजवा, असं सोनाराने विचारलं नसणार.

टेकडीवर आलेलं बरंचसं असं भलत्याच हातांनी आलंय. पूर्वेच्या अंगाने वर चढणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्यांना बोमनजींच्या पायऱ्या म्हणतात, त्या पारशाच्या. माहीमची खाडी होडीने ओलांडावी लागायची तेव्हा इथे येणारे लोक पावसाळ्यात जीव मुठीत धरून यायचे. १८४५ मध्ये लेडी जमशेटजींच्या पैशातून कॉजवे झाला, त्याही पारशी. आताची इमारत १९०४ ची, तिचे वास्तुविशारद शापूरजी चंदाभॉय. निमुळत्या कमानी, दोन बाजूंना दोन मनोरे, पावसात काळपट पडणारा दगड. त्याआधीचं इथलं चॅपल मराठ्यांच्या वसई मोहिमेच्या धामधुमीत गेलं आणि १७६० च्या आसपास पुन्हा उभं राहिलं. शाळेत चिमाजीअप्पांचा धडा घोकताना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि आंटींनीही कधी काढलं नाही. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर, वसईहून आणलेली एक मोठी घंटा टांगलेली आहे. सहलीला गेले होते. सगळे खाली पाण्यात पाय सोडून बसलेले, मी घंटेच्या अंगावरून बोट फिरवत होते, तर बोटाला उंचवटा लागला. वाकून पाहिलं. बाळाला घेतलेली मारिया. महादेवाच्या पुढ्यात, कृष्णेच्या काठी, इतकी वर्षं टोले खात असलेली. मला तेव्हा नक्की काय वाटलं हे आजही धड सांगता येत नाही. अभिमान म्हणावा तर घशाशी काहीतरी अडकत होतं, आणि वाईट म्हणावं तर ती तिथे इतकी रुळलेली दिसत होती. कुणीतरी घंटेला हळद-कुंकूही लावलं होतं.

आत गेले. चपला काढाव्या लागत नाहीत हे माहीत असूनही दारात पाय अडखळतातच. आत ओल्या छत्र्यांचा आणि तापलेल्या मेणाचा वास. मधल्या बाकांवर सात-आठ माणसं, एकमेकांपासून लांब लांब. भिंतीवर मारियेच्या आयुष्यातले प्रसंग. ते मी पाहिले, पाहिले असं म्हणायलाही हरकत नाही, पण खरं सांगायचं तर त्यांनी मला कधी धरून ठेवलं नाही. चेहरे गोरे, वस्त्रं निळी, सगळे जण किंचित वर बघणारे. नजर सरळ पुढे जाते ती वेदीवरच्या मूर्तीवर. मूर्ती लाकडाची, सोळाव्या शतकात पोर्तुगालहून आलेली म्हणतात. आता सोनेरी झगझगीत वस्त्रात आहे. डोक्यावर मुकुट, कडेवर बाळ. एवढ्या लखलखाटात चेहरा लहानसा दिसतो. आईला तो चेहरा आवडायचा. "थकलेली दिसते, पण चिडलेली नाही," असं तिचं मत.

या मूर्तीची गोष्ट आंटी सांगायच्या ती अशी. १७०० च्या सुमाराला अरब चाचे किनाऱ्याला लागले, टेकडीवर चढले. मूर्तीच्या हातात काहीतरी सोनेरी होतं. त्यांना वाटलं अस्सल सोनं, म्हणून त्यांनी हातच तोडला. उजवा. मग देऊळ पेटवायला निघाले, तर कुठून तरी मधमाश्यांचं मोहोळ उठलं आणि त्यांच्या अंगावर तुटून पडलं. चाचे ओरडत खाली पळाले. पुढे कधीतरी एका कोळ्याला स्वप्न पडलं की समुद्रात तुला आई सापडेल, आणि मूर्ती पाण्यावर तरंगताना सापडली. तो सापडलेला पुतळा वेगळा, तो खाली सेंट अँड्र्यूजच्या चर्चमध्ये आहे, ही जुनीच आपली हात तुटलेली, दुरुस्त होऊन परत आलेली, असं जाणकार सांगतात. आंटींच्या गोष्टीत सगळं एकच असायचं. आणि शेवटी त्या आवाज खाली आणून म्हणायच्या, "बाळ दिसतो ना तिच्या कडेवर? तो तिथंच का ठेवलाय? तो हात दिसू नये म्हणून."

ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल. पण त्या दिवशी बाकावर बसून, मांडीवर वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन, पहिल्यांदा लक्षात आलं की आंटींनी दर वेळी, न चुकता, 'उजवा' म्हटलं होतं. तीनशे वर्षांपूर्वी लाकडाच्या मूर्तीचा कुठला हात तुटला हे एका सरकारी कारकुनाच्या बायकोला ठाऊक होतं. मला सहा वर्षांतलं ठाऊक नव्हतं.

मधमाश्यांचंही तेव्हाच सुचलं. चाच्यांना पळवलं मधमाश्यांनी, आणि तेव्हापासून लोक तिला मेण वाहतात. कुणी जुळवून आणलं असेल तर फारच सुबक आहे. आता अर्थात ते मेण पॅराफिनचं असतं, मधमाशीचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि वासही रॉकेलच्या दुकानासारखा. पण मी पुडकं सोडून तो पाय हातात घेतला तेव्हा, उगाच, नाकाशी नेऊन पाहिला.

वीतभर लांबीचा होता. गुडघ्याच्या थोडा वर सपाट कापलेला, खाली पाऊल, पाऊल एका छोट्या चौथऱ्यावर टेकवलेलं. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे नडगीवरून खाली एक बारीक धार उतरलेली, ती खरवडायची राहून गेलेली. पोटरी जरा जास्तच भरदार, धावपटूची वाटावी अशी. गुडघा म्हणजे नुसता एक फुगवटा, वाटी दाखवायला बोटाने दाबल्यासारखी खळगी. पाच बोटं फणीच्या दात्यांसारखी एका ओळीत. तरी नखं मात्र काढलेली होती. साचा ज्या कुणी पहिल्यांदा कोरला त्याला बोटं जमली नव्हती, पण नखं विसरून चालणार नाही हे कळत होतं. मी त्या अंगठ्याच्या नखावरून माझं नख फिरवलं. माझ्या पंजाच्या उबेने पोटरीला बोटांचे ठसे उमटायला लागले तेव्हा घाईघाईने पाय परत कागदात ठेवला.

आईने इथे एकदा घर वाहिलं होतं. बाबांच्या निवृत्तीला तीन-चार वर्षं राहिलेली, क्वार्टर सोडावी लागणार, आणि स्वतःचं म्हणावं असं कुठेच काही नाही. त्या काळात रात्री स्वयंपाकघरात दोघं जण आकडेमोड करत बसायची, आम्ही आत पडल्या पडल्या ऐकायचो. एका जत्रेत आईने मेणाचं घर घेतलं. मी तेव्हा आठवीत असेन. मला ते घर फार आवडलं होतं: उतरतं कौलारू छप्पर, त्यावर चौकोनी धुराडं, पुढे कमानीचं दार, दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्या. बाहुलीच्या गोष्टीतलं असावं तसं. धुराडं असलेलं घर माझ्या ओळखीत कुणाचंच नव्हतं. दीड-दोन वर्षांत डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके झाला. समोर गटाराचं काम चाललेलं, पाणी एक दिवसाआड. आई त्यानंतर आयुष्यभर सांगायची, "घर मोतमावलीने दिलं. हप्ते यांनी फेडले." मी मोठी झाल्यावर एकदा चेष्टेने म्हटलं, तू मागितलेल्याला धुराडं होतं, मिळालेल्याला गॅलरीसुद्धा नाही. आई म्हणाली, "तिला कळतं गं. तिला काय नकाशा द्यायचा असतो?"

म्हणजे साचा ढोबळ असला तरी चालतो, असं मी तेव्हा धरून चालले होते. घर म्हणजे घर, मग ते गोऱ्यांच्या देशातलं का असेना. बाळ म्हणजे बाळ. त्या मेणाच्या बाळांना तर तोंडवळाच नसतो. विमान वाहणाऱ्याला दुबईला जायचंय का कॅनडाला, हे विमानावर लिहिलेलं नसतं. आणि नेमकं पायाच्या वेळी तिने मला अडवलं. डावा का उजवा. तिच्यासाठी त्या दोन वेगळ्या ढिगांतल्या दोन वेगळ्या वस्तू होत्या, चुकीची दिली तर गिऱ्हाईक परत येईल अशी. दिवसाकाठी किती जणांना विचारत असेल, आणि किती जण पटकन सांगत असतील. कधी हात उंचावून दाखवत असतील, कधी स्वतःच्याच गुडघ्यावर हात ठेवत असतील. माझ्याशेजारी एक म्हातारा उभा होता, त्याने "लेफ्ट आय" असं म्हणून स्वतःच्या डाव्या डोळ्यावर तळवा धरला होता, आणि तिने जोडीतून एक डोळा वेगळा करून देता येत नाही म्हणून त्याची समजूत काढली होती. "दोनी लागतात, अंकल. दुसरा बी आयचाच हाय ना?" हे मी ऐकलं होतं, माझी पाळी यायच्या आधी. तरी मला काही सुचलं नव्हतं.

वाहायच्या जागी पोचले तर पुढे एक तरुण जोडपं. तिच्या हातात मेणाचं बाळ, रुमालात गुंडाळलेलं, कानटोपडं घातल्यासारखा रुमाल. त्याच्या हातात मेणबत्त्यांचा जुडगा आणि चेहऱ्यावर, आपण इथे का आलोय हे कुणी विचारू नये, असा भाव. तिने बाळ ठेवलं, मागे सरली, पुन्हा पुढे होऊन रुमाल काढून घेतला, घडी केली, पर्समध्ये टाकला. तेवढ्यात तिथला माणूस आला आणि साठलेलं सगळं प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरायला लागला. दूधवाल्याचा असतो तसला क्रेट. हात, पाय, घरं, बाळं, एकावर एक, आवाज होऊ नये इतपत काळजीने. वितळवतात आणि पुन्हा साच्यात ओततात, असं लोक म्हणतात. खरं असेल तर एखाद्याचा मूतखडा पुढच्या वर्षी कुणाचा पासपोर्ट होत असेल. मला त्यात काही गैर वाटत नाही. चांदीचे डोळे तरी कुठे देवीजवळ राहतात, त्यांचाही लिलाव होतो.

त्या क्रेटमध्ये पायच पाय होते. डावे, उजवे, आडवे, उभे.

मी पुडक्यात हात घातला, हाताला आला तो पाय ठेवला, आणि दुसरा काढणार तेवढ्यात फोन वाजला. चर्चमध्ये फोन वाजला म्हणून त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मी ओशाळून बाहेर पळाले. फोन बँकेच्या कर्जाचा होता. बाहेर पाऊस पुन्हा सुरू झालेला. रस्ता ओलांडून फातिमामातेच्या देवळीपाशी पायऱ्यांच्या आडोशाला उभी राहिले. खालून समुद्राचा वारा येत होता, लांब सी-लिंकच्या दोऱ्या पावसात पुसट. परत आत जावं का, असा विचार केला. गेले असते तर दोन्ही वाहून झाले असते आणि मी जे बोलले ते एका अर्थाने खरं ठरलं असतं. पण दोन्ही दुखत नाहीत हे तर मला ठाऊक होतं. तेवढं तरी ठाऊक होतं. दुसरा पाय तसाच पर्समध्ये राहिला. वाहिला तो कुठला, हेही मी पाहिलं नव्हतं. गाडीत, लोकलमध्ये पर्स उघडून पाहावंसं वाटलं नाही. शेजारची बाई काय म्हणाली असती?

घरी आल्यावर तो टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये गेला आणि मी विसरून गेले. पूर्ण विसरले असंही नाही. फोनवर "गुडघा कसा आहे?" म्हणताना दर वेळी जीभ अडखळायची. "कुठला?" असं विचारायला काय जात होतं? पण सहा वर्षांनंतर तो प्रश्न विचारणं म्हणजे कबुलीच. मी शब्द बदलून पाहिले. "दोन्हीकडे सूज आहे का?" आई म्हणाली, "सूज नाही." "चालताना भार कुठे येतो?" "जमिनीवर," आई म्हणाली आणि हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

गणपतीला आई आमच्याकडे ठाण्याला आली. भाऊ गाडीने सोडून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी निरांजनाच्या वाती शोधताना तिने तो ड्रॉवर उघडला. मी मोदकांची उकड मळत होते; बाहेरून हाक आली.

"हा कुणाचा गं पाय?"

हात धुवून बाहेर गेले. ती सोफ्यावर बसली होती, वर्तमानपत्र मांडीवर, पाय हातात. उकाड्याने त्याची घोट्यापाशी चक्क कमान झाली होती, जरा लंगडत उभा राहिल्यासारखा. तिने तो चष्म्याजवळ धरून सगळीकडून पाहिला. मोतमावलीचा, हे तिला सांगावं लागलं नाही.

"तुझा," मी म्हटलं.

तिने साडी थोडी वर घेतली, मेणाचा पाय आपल्या पायाशेजारी धरला. एकदा या बाजूला, एकदा त्या. आईची पावलं मी किती दिवसांनी पाहिली. टाचांना भेगा, करंगळी शेजारच्या बोटाखाली गेलेली, अंगठ्याचं नख जाड होऊन पिवळं पडलेलं, साधारण त्या मेणाच्याच रंगाचं.

"उजवा आहे हा," ती म्हणाली.

"आणि दुखतो तो?"

आईने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "डावा," म्हणाली. "पहिल्यापासून डावा."

"डावा वाहिला मी," मी म्हटलं. खरंच होतं ते. हाताला येईल तो वाहिला होता, हे मी बोलले नाही.

"बरं केलंस. बोटं काय केलीत बघ मेल्याने, चमचे लावल्यासारखी." ती हसली, पाय कागदात गुंडाळला, दोन्ही टोकं दुमडून पुडी नीट बंद केली. मग सोफ्याच्या हाताला धरून उठली. सगळा भार उजव्या पायावर घेऊन, डावा जरा मागे ठेवून, नेहमी उठते तशीच. उभी राहिल्यावर तिने उजव्या गुडघ्यावरून एकदा तळवा फिरवला आणि पुडी माझ्या हातात दिली.

"टाकू नकोस. ठेव, लागेल."